पॉलिमरमधल्या पोकळ्या पॉझिट्रॉनने मोजताना: सॅम्पल सुकवण्यापासून फिटिंगपर्यंत

स्पेक्ट्रम घेतला, प्रोग्रॅममध्ये टाकला, टाऊ-३ चा आकडा आला, तो सूत्रात घातला की पोकळीची त्रिज्या हातात. पॉझिट्रॉन लाइफटाइमचं काम वरवर इतकं सरळ दिसतं, आणि त्यामुळेच एमएस्सी-पीएचडीच्या प्रोजेक्टमध्ये तेच ते घोळ पुन्हा पुन्हा होतात. प्रोग्रॅम आकडा नेहमीच देतो. सॅम्पल ओलं असलं तरी देतो, सोर्सचा वाटा (सोर्समध्येच संपणाऱ्या पॉझिट्रॉनचं प्रमाण) चुकीचा धरला तरी देतो. मोजणीच्या आधी सॅम्पलवर काय काय गुदरलं ते माहीत नसेल, तर पुढे कितीही सफाईदार फिटिंग करून उपयोग नाही. म्हणून या लेखात बराचसा भर तयारीवर आहे.

लागेल तेवढीच पार्श्वभूमी: सोडियम-२२ (हाच आपला सोर्स) मधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, निघतो आणि त्याच्या पाठोपाठ काही पिकोसेकंदांत १२७४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा निघतो. हा गॅमा म्हणजे जन्माची खूण. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून संपला की ५११ चे दोन गॅमा निघतात, ती मृत्यूची खूण. या दोन खुणांमधला वेळ आपण मोजतो. पॉलिमरमध्ये काही पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनशी जोडी करून पॉझिट्रोनियम होतात. त्यातला ऑर्थो प्रकार निर्वातात १४२ नॅनोसेकंद जगतो. पॉलिमरच्या पोकळीत मात्र भिंतीतल्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडून तो साधारण दीड ते चार नॅनोसेकंदांतच संपतो. पोकळी जितकी मोठी, तितकं हे आयुष्य जास्त. हेच टाऊ-३, आणि त्या घटकाचं प्रमाण म्हणजे आय-३. लगेच संपणाऱ्या पॅरा प्रकाराचं आयुष्य म्हणजे टाऊ-१ (प्रमाण आय-१), आणि जोडी न करता संपणाऱ्या पॉझिट्रॉनचं टाऊ-२.

टप्पा १: आपल्या पॉलिमरला ही पद्धत चालते का, ते आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. कॅप्टन (Kapton) या फिल्मसारख्या पॉलिइमाइडमध्ये पॉझिट्रोनियम जवळपास होतच नाही. तिथे टाऊ-३ शोधत बसणं व्यर्थ. नायट्रो गट किंवा क्लोरीन-ब्रोमीन असलेल्या साखळ्या इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि आय-३ खाली जातो. कार्बन ब्लॅक भरलेल्या रबरातही तेच, कारण कार्बनमध्ये थांबलेले पॉझिट्रॉन पॉझिट्रोनियम देत नाहीत.

बाजारातून आणलेल्या शीटमध्ये रंग, प्लॅस्टिसायझर, स्टॅबिलायझर काय आणि किती आहे ते कुणी लिहून देत नाही. अशा शीटवर मोजमाप जरूर करा, पण निकाल त्या शीटचा म्हणून सांगा. तो त्या जातीच्या पॉलिमरचा म्हणून छापू नका.

टप्पा २: सॅम्पलची जाडी आणि जोडी

सोर्सच्या दोन्ही बाजूंना एकेक असे दोन तुकडे लागतात, आणि ते एकाच शीटमधून, शेजारीशेजारी कापलेले हवेत. साधारण एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर पुरतं. जाडी किती? सोडियम-२२ च्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा ०.५४५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. घनता १ असलेल्या पॉलिमरमध्ये ते सरासरी पाव मिलिमीटर आत जातात. एक मिलिमीटर जाडीतून सुमारे दोन टक्के पार निघून जातात, दीड मिलिमीटरमधून अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून प्रत्येक बाजूला दीड ते दोन मिलिमीटर ठेवा.

फिल्म असेल तर थर रचावे लागतात. ५० मायक्रॉनची फिल्म असेल तर एका बाजूला निदान ३० थर. थर घट्ट बसवा, सुरकुती राहू देऊ नका, आणि सगळा गठ्ठा बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा.

सावधान: थर जागेवर राहावेत म्हणून मध्ये सेलोटेप लावू नका. टेपचा गोंद हाही पॉलिमरच आहे आणि त्याचा स्वतःचा टाऊ-३ असतो. सोर्सजवळच्या पहिल्या दीड मिलिमीटरमध्ये तुमच्या पदार्थाखेरीज दुसरं काहीही नको. टेप लावायचीच असेल तर फॉइलच्या बाहेरून.

टप्पा ३: सुकवणं, आणि मुंबईची हवा

बहुतेक बिघाड इथे होतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

नायलॉन, पीव्हीए, सेल्युलोज, इपॉक्सी हे सगळे पाणी पितात. पाणी सुरुवातीला पोकळ्यांत शिरून त्या भरतं, म्हणून टाऊ-३ कमी होऊ शकतो. पुढे तेच पाणी साखळ्या सैल करतं आणि टाऊ-३ वाढतो. म्हणजे ओलाव्याने आकडा कोणत्या बाजूला सरकेल हेही आधी सांगता येत नाही, आणि नंतर दुरुस्ती करायला काही धागा हाती लागत नाही. जुलैत घेतलेलं सॅम्पल जानेवारीतल्या सॅम्पलशी ताडून पाहायचं असेल तर दोन्ही एकसारखी सुकवलेली असलीच पाहिजेत.

क्रम असा ठेवा:

१. सॅम्पलचं वजन करा, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये काच-संक्रमणाच्या (ज्या तापमानाला कडक पॉलिमर मऊ होऊ लागतो त्याच्या) बरंच खालच्या तापमानाला ठेवा.

२. काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा वजन करा. लागोपाठ दोन वजनं जुळली की सुकलं. ‘रात्रभर ठेवलं होतं’ हा पुरावा नव्हे.

३. ओव्हन आतल्या आत थंड होऊ द्या, मग कोरडा नायट्रोजन सोडून उघडा.

४. सॅम्पल लगेच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये. जेल निळी हवी. गुलाबी झालेली जेल आधी ओव्हनमध्ये तापवून घ्या.

विद्रावकातून ओतून केलेल्या फिल्मचा धोका वेगळा. क्लोरोफॉर्म किंवा टोल्युइन फिल्ममध्ये दिवसेंदिवस अडकून राहतं, काच-संक्रमण खाली आणतं आणि पोकळ्यांचं माप बदलतं. वास येत नाही म्हणून विद्रावक गेला असं धरू नका. वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूममध्ये ठेवा, आणि शक्य असेल तर टीजीएमध्ये (तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रात) एक तुकडा तपासून घ्या.

आता ने-आण. समजा सॅम्पल माटुंग्याला तयार झालं आणि मोजणी ट्रॉम्बेला आहे. कुर्ल्याला हार्बर लाइनची गाडी पकडून मानखुर्दला उतरेपर्यंत ते पावसाळी हवेत असतं. साधी झिपची पिशवी पुरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि तोंड उष्णतेने बंद करा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. एसी लॅबमध्ये २० अंशांवर असलेला तुकडा पावसाळ्यात तसाच बाहेरच्या पॅसेजमध्ये आणला, तर त्यावर दव धरतं. बाहेरच्या हवेचा दवबिंदूच २५ अंशांच्या आसपास असतो. पाकीट आतच बंद करा आणि पोहोचल्यावर ते तिथल्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. फ्रिजमधून काढलेल्या सॅम्पलला तर हा नियम दुप्पट लागू.

तपासून पाहा: मोजणी संपल्यावर त्याच तुकड्याचं पुन्हा वजन करा. सुरुवातीचं आणि शेवटचं वजन जुळलं नाही तर सॅम्पल मोजणीदरम्यान बदललं, आणि तो स्पेक्ट्रम तुलनेच्या कामाचा नाही.

टप्पा ४: उष्णतेचा इतिहास एकसारखा करा

काचरूप पॉलिमर थंड झाल्यावरही शांत बसत नाही. काच-संक्रमणाखाली ठेवलेलं सॅम्पल दिवसागणिक दाटत जातं आणि पोकळ्या आकसतात. झटकन थंड केलेला पॉलिस्टायरीनचा तुकडा आणि सावकाश थंड केलेला तुकडा एकच आकडा देत नाहीत. काल दाबून काढलेली शीट आणि वर्षभर कपाटात पडलेली शीट यांतला फरक फिलरमुळे आला असं लिहून मोकळं होणं हा नेहमीचा प्रमाद आहे.

उपाय सोपा: सगळी सॅम्पलं काच-संक्रमणाच्या १५-२० अंश वर न्या (पॉलिस्टायरीनचं साधारण १००, पॉलिकार्बोनेटचं १५० अंश सेल्सियसच्या आसपास), थोडा वेळ ठेवा, ठरलेल्या वेगाने थंड करा. त्यानंतर मोजणीपर्यंत गेलेला वेळही सगळ्यांना सारखा ठेवा. पाकिटावर तारीख आणि वेळ लिहा, नुसतं नाव पुरत नाही.

टप्पा ५: सोर्स हाताळणं

सोर्स म्हणजे कॅप्टनच्या सात-आठ मायक्रॉनच्या दोन पापुद्र्यांमध्ये वाळवून सील केलेला सोडियम-२२ चा क्षार. क्रियाशीलता साधारण १० ते २० मायक्रोक्युरी, म्हणजे ०.४ ते ०.७ मेगाबेकरेल. हा सोर्स विद्यार्थ्याने स्वतः बनवायचा नसतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार परवानगी, संस्थेचा रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर आणि अंगावर टीएलडी बॅज (अंगाला लागलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला), यांतलं काहीही वगळून काम सुरू करू नका. सॅम्पल पिशवीतून लोकलने नेता येतं; सोर्स कधीही नाही.

पापुद्रा फार नाजूक असतो. टोकदार चिमटा वापरू नका, बोथट प्लॅस्टिकचा वापरा. सॅम्पलच्या कडा धारदार असतील तर आधी घासून घ्या, कारण दाबताना कड पापुद्र्यात घुसते. विद्रावकाने ओलं सॅम्पल सोर्सला लावू नका, सीलचा गोंद विरघळेल. तापमान वाढवून मोजणार असाल तर तो गोंद कुठवर टिकतो ते आधी विचारून घ्या.

तपासून पाहा: सॅम्पल काढल्यावर त्याच्या पृष्ठभागाचं पुसणी-परीक्षण करा. सॅम्पलवर क्रियाशीलता आढळली तर सोर्स गळतो आहे. काम थांबवा आणि सेफ्टी ऑफिसरला लगेच कळवा.

सोडियम-२२ चं अर्धायुष्य २.६ वर्षं. वर्षभरात सोर्स सुमारे २३ टक्के मंदावतो, तेव्हा मागच्या वर्षीचा मोजणीचा वेळ यंदा पुरेल असं धरू नका.

टप्पा ६: डिटेक्टरच्या खिडक्या

डिटेक्टरची खिडकी म्हणजे त्याने कोणत्या ऊर्जेचे गॅमा मोजायचे ती मर्यादा. प्लॅस्टिक सिंटिलेटर (गॅमा पडला की चमकणारा डिटेक्टर) असेल तर १२७४ किंवा ५११ चं शिखर शोधू नका, तिथे कॉम्प्टनच्या कडाच (गॅमा विखुरताना जास्तीत जास्त जेवढी ऊर्जा सोडतो ती हद्द) दिसतात: ५११ ची ३४१ वर, १२७४ ची सुमारे १०६२ वर. ‘सुरुवात’ची, म्हणजे जन्माच्या गॅमाची, खिडकी ३४१ च्या बरीच वर ठेवा. मोजणीचा वेग वाढावा म्हणून ती खाली ओढली की ५११ चे गॅमा सुरुवात म्हणून नोंदले जातात, शून्यवेळेचं शिखर फुगतं आणि टाऊ-१ बिघडतो.

वेळेची व्याप्ती साध्या पॉलिमरला ५० नॅनोसेकंद पुरते. मोठ्या पोकळ्यांची, दहा नॅनोसेकंदांवरच्या आयुष्याची अपेक्षा असेल तर १०० किंवा २०० करा, नाहीतर शेपूट कापली जाते आणि प्रोग्रॅम तिला पार्श्वभूमी समजतो. एका चॅनलला (वेळेच्या पट्टीवरच्या एका कप्प्याला) किती पिकोसेकंद हे माहीत असलेल्या विलंबाच्या केबलने स्वतः मोजा. उपकरणावरच्या जुन्या चिठ्ठीवर विसंबू नका.

टप्पा ७: मोजणीआधी ओळखीचं सॅम्पल लावा

स्वच्छ, सुकं पॉलिकार्बोनेट खोलीच्या तापमानाला टाऊ-३ सुमारे २.१ नॅनोसेकंद देतं. नवं सॅम्पल लावण्याआधी हे मोजा. आकडा लक्षणीय दूर आला तर पुढे जाऊ नका. चॅनलची किंमत, खिडक्या आणि सोर्सचा वाटा, याच क्रमाने शोधा. बहुतेक वेळा दोष पहिल्या दोनांतच सापडतो.

सोर्सच्या वाट्याबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. धातूच्या जोडीवर काढलेला वाटा जसाच्या तसा पॉलिमरला लावतात. जड धातू पॉझिट्रॉनना जास्त परतवतो, त्यामुळे ते पापुद्र्यातून पुन्हा पुन्हा जातात आणि सोर्सचा वाटा फुगतो. पॉलिमरसाठी वाटा हलक्या, पॉलिमरसारख्याच पदार्थावर काढा. कॅप्टनच्या जाड गठ्ठ्याची जोडी त्यासाठी फार सोयीची, कारण तिथे पॉझिट्रोनियम नसतं आणि सुमारे ०.३८ नॅनोसेकंदांचं एकच आयुष्य मिळतं. त्यापलीकडे जे काही उरेल ते क्षाराचं किंवा गोंदाचं. कॅप्टनचं हे आयुष्य पॉलिमरच्या टाऊ-२ ला खेटून असतं, त्यामुळे वाटा चुकला तरी टाऊ-३ फारसा हलत नाही, पण आय-३ हलतो. म्हणूनच चूक पटकन डोळ्यांत भरत नाही.

टप्पा ८: मोजणी

तीन घटकांच्या फिटिंगला निदान दहा लाख काउंट लागतात. सेकंदाला शंभर काउंट धरले तर पावणेतीन तास. पोकळ्यांच्या मापांचं वितरण काढायचं असेल तर एक कोटीच्या आसपास लागतील, आणि तेवढा संयम नसेल तर वितरणाच्या वाटेला जाऊ नका.

मोजणी एकाच फाइलमध्ये साठवू नका, तासातासाला वेगळी फाइल ठेवा. संध्याकाळी इमारतीचा एसी बंद झाला की खोली तापते, इलेक्ट्रॉनिक्स सरकतं, शिखर एक-दोन चॅनल हलतं. तासाच्या फाइली असतील तर हललेल्या तेवढ्या बाजूला काढता येतात. एकच फाइल असेल तर शिखर रुंदावलेलं दिसतं आणि कारण कधीच कळत नाही. सॅम्पल निर्वातात किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवणं उत्तम. फार मोकळ्या पॉलिमरमध्ये हवेतला ऑक्सिजनही पॉझिट्रोनियमचं आयुष्य कमी करतो.

सावधान: सोर्सच्या किरणोत्साराने सॅम्पल स्वतः बदलतं. काही पॉलिमरमध्ये तासांच्या ओघात आय-३ खाली घसरतो. थंड तापमानाला उलट, अंधारात अडकलेले इलेक्ट्रॉन साठत जातात, आय-३ वाढतो आणि दृश्य प्रकाश टाकला की पुन्हा उतरतो. तेव्हा दोन सॅम्पलांची तुलना सोर्स लावल्यापासूनच्या एकाच कालखंडातली करा, आणि क्रायोस्टॅटची (सॅम्पल थंड ठेवणाऱ्या पात्राची) खिडकी उघडी होती की झाकलेली ते वहीत लिहा.

टप्पा ९: फिटिंगचा क्रम

आधी पार्श्वभूमी सपाट भागातून ठरवा. मग तीन घटक मोकळे सोडून फिट करा आणि काय येतं ते पाहा. टाऊ-१ ०.१२५ नॅनोसेकंदांच्या आसपास, टाऊ-२ ०.३५ ते ०.४ च्या दरम्यान, टाऊ-३ नॅनोसेकंदांत, एवढं दिसलं तर गाडी रुळावर आहे. टाऊ-१ भटकत असेल तर तो ०.१२५ ला बांधा. पॅरा आणि ऑर्थो पॉझिट्रोनियम १ ला ३ या प्रमाणात जन्मतात, त्यामुळे आय-१ हा आय-३ च्या एकतृतीयांश हवा. मोकळ्या फिटमध्ये हे प्रमाण क्वचितच जुळतं, कारण ०.१२५ चा घटक उपकरणाच्या २००-३०० पिकोसेकंदांच्या विभेदनात (वेळ मोजण्यातल्या धूसरपणात) बुडालेला असतो. ते बंधन घालून आणि न घालून, दोन्ही प्रकारे टाऊ-३ काढा. दोन्ही आकडे त्रुटीच्या मर्यादेत जुळले तर टाऊ-३ वर विश्वास ठेवता येतो.

काय-स्क्वेअर (फिट किती जुळलं ते सांगणारा आकडा) एकच्या जवळ आला की काम झालं असं समजणं घातक आहे. उरलेल्या फरकांचा आलेख उघडून पाहा. तो शिखराजवळ लाटेसारखा हलत असेल तर विभेदनाचं फलन चुकलं आहे, आणि अशा वेळी चौथा घटक टाकून लाट झाकणं ही सरळसरळ फसवणूक ठरते. चौथा घटक तेव्हाच घ्या, जेव्हा पदार्थात दोन प्रकारच्या पोकळ्या असण्याचं स्वतंत्र कारण आहे.

टप्पा १०: आयुष्यावरून पोकळी

ताओ-एल्ड्रप सूत्र असं:

टाऊ-३ = ०.५ ÷ [ १ − त/थ + (१ ÷ २पाय) × साइन(२पाय × त/थ) ]

यात ‘त’ ही पोकळीची त्रिज्या, आणि ‘थ’ म्हणजे त + ०.१६६ नॅनोमीटर. टाऊ-३ नॅनोसेकंदांत. साइनचा कोन रेडियनमध्ये आहे. कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला तर येणारी त्रिज्या निरर्थक असते. सूत्र उलटं सुटत नाही, म्हणून ‘त’ च्या किमती घालत जाऊन टाऊ-३ जुळवा.

उदाहरण: टाऊ-३ २.१ नॅनोसेकंद असेल तर त्रिज्या सुमारे ०.२९४ नॅनोमीटर आणि आकारमान सुमारे ०.१०७ घन नॅनोमीटर. टाऊ-३ १.९ असेल तर त्रिज्या ०.२७६ आणि आकारमान ०.०८८. म्हणजे आयुष्यात दहा टक्क्यांहूनही कमी फरक पडला, तर आकारमानात अठरा टक्क्यांच्या आसपास. त्रुटीची मर्यादाही अशीच फुगते, ती आकारमानापर्यंत नेऊनच लिहा.

सूत्र पोकळी गोल धरतं. खऱ्या पोकळ्या गोल नसतात, त्यामुळे ‘पोकळीची त्रिज्या इतकी’ यापेक्षा ‘या सॅम्पलात त्या सॅम्पलापेक्षा मोठी’ हे विधान जास्त भक्कम असतं. टाऊ-३ एक नॅनोसेकंदाच्या आसपास किंवा खाली आला, तर लहान पोकळीची बातमी देण्याआधी एखादा रासायनिक घटक पॉझिट्रोनियमला मारतो आहे का ते पाहा.

आणि आय-३ ला पोकळ्यांची संख्या म्हणू नका. पॉझिट्रोनियम किती बनतं हे रसायनावरही ठरतं. इलेक्ट्रॉन ओढणारा गट थोडासा वाढला तरी आय-३ पडतो आणि पोकळ्या जिथल्या तिथे असतात. पोकळ्यांचा एकूण हिस्सा काढताना आकारमान, आय-३ आणि एक स्थिरांक यांचा गुणाकार करतात. इपॉक्सीसाठी वापरलेला ०.००१८ प्रति घन अँगस्ट्रॉम हा स्थिरांक सर्रास कुठल्याही पॉलिमरला लावलेला दिसतो. तुमच्या पॉलिमरसाठी तो स्वतंत्रपणे जुळवलेला नसेल, तर तुलनात्मक आकडाच द्या.

टप्पा ११: तापमानाबरोबर मोजत असाल तर

प्रत्येक पायरीवर तापमान स्थिर झाल्यावरच मोजणी सुरू करा, आणि चढत गेलात की उतरत, ते नोंदवा. टाऊ-३ चा उतार जिथे बदलतो ते काच-संक्रमण. ते डीएससीपेक्षा (तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या पद्धतीपेक्षा) काही अंश वेगळं आलं तर घाबरू नका, दोन्हींचा तापवण्याचा वेग वेगळा असतो. फार वरच्या तापमानाला टाऊ-३ वाढायचा थांबतो. तिथे पोकळ्या वाढायच्या थांबलेल्या नसतात. त्या इतक्या वेगाने हलू लागतात की पॉझिट्रोनियमच्या आयुष्यात एक स्थिर पोकळी उरतच नाही. त्या भागात ताओ-एल्ड्रप सूत्र लावू नका.

निकालाच्या तक्त्यात काय हवं

टाऊ-३ आणि आय-३ बरोबर एकूण काउंट, विभेदन, सोर्सचा वाटा आणि तो कशावर काढला, कोणते घटक बांधले होते, सुकवण्याचं तापमान आणि आधी-नंतरची वजनं, काच-संक्रमणावरून थंड केल्यापासूनचा वेळ, मोजणीच्या जागेचं तापमान आणि आर्द्रता. त्याच दिवशी घेतलेल्या पॉलिकार्बोनेटचा टाऊ-३ पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला बाकीच्या ओळी कशाच्या आधाराने वाचायच्या ते कळेल.